बरोबर आहे, शेठ!

पूर्वी शेठच्या केबिनमध्ये ‘बरोबर आहे’ म्हणायला दोन-तीन माणसं पगारावर असत. त्यांना बोनस द्यावा लागे, शिवाय ती बाहेर जाऊन खरं बोलत. आता हे काम एआय सहायक करतो, मासिक वर्गणीत.

भांड्यांची चार दुकानं असलेले एक शेठ हल्ली डॅशबोर्डशी बोलतात. आधी ते नुसते बघायचे. हिरवा बाण दिसला की चहा मागवत, लाल दिसला की मॅनेजर. आता प्रश्न टाकतात, “नोव्हेंबरात धंदा का पडला?” सहायक त्याची डेटाबेसला कळेल अशी क्वेरी लिहितो, 2023 आणि 2024चे नोव्हेंबर शेजारी मांडतो आणि सांगतो: ग्राहकांची बदललेली अभिरुची, ऑनलाइन स्पर्धा, विक्रेत्यांमध्ये प्रेरणेचा अभाव. शेठनी तिसरं कारण उचललं. त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

कोपऱ्यात दिवाणजी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघत होते. 2023ला अधिक श्रावण आला, म्हणून धनत्रयोदशी 10 नोव्हेंबरला गेली. 2024ला ती 29 ऑक्टोबरलाच उरकली. लोक समई घेतात ती मुहूर्त बघून, महिना बघून नव्हे. पण दिवाणजींना कोण विचारतो? त्यांच्यात प्रश्न टाइप करायला चौकट नाही.

खरी गंमत ‘मार्चची विक्री किती?’ या प्रश्नात आहे. काउंटरवाल्यांची विक्री म्हणजे फाडलेली बिलं. दिवाणजींची, त्यातून जीएसटी आणि परत आलेला माल वजा करून उरते ती. शेठची, गल्ल्यात पडली ती. कर्जाच्या अर्जावरची चौथी, तिच्याविषयी इथे न लिहिलेलं बरं. यातली कोणती धरायची, हे आधी माणसांनी ठरवून सहायकाला सांगावं लागतं. त्यासाठी बैठक घ्यावी लागेल आणि बैठकीत चारही आकडे एकाच टेबलावर येतील. म्हणून बैठक होत नाही. सहायक बिचारा हाती लागेल त्या रकान्याची बेरीज करून दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर देतो. पुढे पैसे दिसले की रुपयांवर कोणी शंका घेत नाही.

शेठना आकडा पटला नाही. “हे चुकीचं वाटतंय.” सहायक लगेच म्हणाला, “आपण अगदी योग्य मुद्दा मांडलात,” आणि थोडा मोठा आकडा दिला. शेठ पुन्हा कुरकुरले, आकडा पुन्हा वाढला. मनासारखा झाल्यावर त्यांनी विचारणं थांबवलं आणि त्याची प्रिंट काढली. समोरच्याचा कल बघून उत्तर फिरवण्याची या यंत्रांची खोड जाणकार दोष मानतात. आमच्या बाजारपेठेत तिच्यावर पदोन्नती मिळते.

प्रेरणेच्या अभावावर लोणावळ्याला विक्रेत्यांचं शिबिर झालं. 2026ला अधिक ज्येष्ठ आहे, दिवाळी पुन्हा नोव्हेंबरात जाणार. बाण आपोआप हिरवा होणार आणि सहायक त्याचं श्रेय शिबिराला देणार. शेठनी पुढच्या शिबिराची आगाऊ रक्कमही भरली आहे. दिवाणजींनी ती तूर्त सस्पेन्स खात्यात टाकली आहे.