श्रीयुत तेचकर

समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की ‘तेच म्हणतो मी!’ असं म्हणून ते ताब्यात घेणारी एक जमात आपल्याकडे आहे. सोयीसाठी तिला तेचकर म्हणू. तेचकर सर्व जिल्ह्यांत आणि सर्व पगारश्रेणींत आढळतात. ‘तेच म्हणते मी’ म्हणणाऱ्या तेचकरबाईही संख्येनं कमी नाहीत. ओळखण्याची खूण एकच : ‘तेच म्हणतो मी’नंतर ते जे म्हणतात, ते कधीही ‘तेच’ नसतं. सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत खजिनदार ‘लिफ्टच्या देखभालीचे दर यंदा कंपनीनं...’ एवढं म्हणतात, तोच तेचकर उठतात. ‘वाढवले! तेच म्हणतो मी. ही लूट आहे.’ मग लिफ्ट कंपन्या, महागाई, मागची कमिटी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मुलांनी लिफ्टमध्ये घातलेली सायकल असा प्रवास होतो. ‘वाढवलेले नाहीत’ हे खजिनदारांचे उरलेले शब्द चहा येईपर्यंत त्यांच्या तोंडातच राहतात, आणि न झालेल्या दरवाढीचा निषेध सर्वानुमते मंजूर होतो. तेचकर समाचाराला जातात तेव्हाही पद्धत हीच. ‘बाबांना पहाटे...’ असं घरचे सांगू लागतात. ‘पहाटेच! तेच म्हणतो मी. आमच्या मामांचंही पहाटेच झालं,’ असं म्हणून तेचकरांचे डोळे भरून येतात, आणि पुढचा अर्धा तास ज्यांच्या घरी दुःख झालं ती मंडळीच मामांबद्दल तेचकरांचं सांत्वन करत बसतात.

तेचकर दुष्ट असतात असा समज करून घेऊ नये. बहुतेक तेचकर मदतीला धावणारे असतात. अडचण एवढीच की, समोरच्यानं हाक पुरी मारण्याआधीच ते धावत सुटतात. शिवाय त्यांच्या बाजूनं विज्ञानही थोडं उभं राहतं. तान्या स्टिव्हर्स, स्टीफन लेविन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या दहा भाषांमधली प्रश्नोत्तरं तपासून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात जाणारा वेळ भाषेगणिक थोडाफार बदलतो, पण सर्वसाधारणपणे तो २०० मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास राहतो, असं त्यात दिसलं. आता, एखादं चित्र पाहून त्यातल्या वस्तूचं नुसतं नाव उच्चारायलाही माणसाला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. तेव्हा हिशेब उघड आहे : समोरचा बोलत असतानाच आपण सगळ्यांनी आपलं उत्तर जुळवायला घेतलेलं असतं. त्या अर्थानं प्रत्येकाच्या आत एक छोटा तेचकर बसलेला आहे. बाकीचे लोक तयार झालेलं उत्तर जिभेवर धरून ठेवतात आणि वाक्य वेगळं वळण घेतंय असं दिसलं तर गिळून टाकतात. तेचकरांना गिळणं जमत नाही. त्यांचं उत्तर एकदा तयार झालं की प्रश्न कोणताही असो, ते बाहेर येणारच.

मराठीत तर हा दोष अधिकच महाग पडतो. आपल्या वाक्यात कर्ता आधी येऊन बसतो, कर्म मागाहून येतं, क्रियापद सावकाश सर्वांत शेवटी येतं आणि नकार बहुधा त्याच्याही मागून. म्हणजे वाक्याचा निकाल शेवटच्या शब्दात लागतो, आणि नेमका त्याच शब्दाआधी तेचकर उठून निघालेले असतात. ‘तुमची मुलगी आम्हाला पसंत...’ एवढं ऐकून पेढे आणायला जाणारा माणूस ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन शक्यतांमधलं अंतर हलवायाच्या दुकानात कापत असतो. ऑफिसात हाताखालची मुलगी सांगू लागते, ‘सर, क्लायंटनं डिलिव्हरीची तारीख दोन आठवडे...’ ‘पुढे ढकलली ना? तेच म्हणतो मी, ही माणसं कधीच वेळेवर तयार नसतात.’ तिला ‘अलीकडे आणली’ म्हणायचं होतं. पुढच्या आठवड्यात क्लायंट ‘काम कुठंय?’ असं विचारतो तेव्हा तेचकर तिच्याकडे वळून म्हणतात, ‘मला आधी सांगायला काय झालं होतं?’ यावर एखादा जाणकार हरकत घेईल की, जपानीतही क्रियापद शेवटीच येतं, तरी त्या दहा भाषांत सर्वांत चटकन उत्तर देणारे जपानीच निघाले. हरकत खरी आहे. पण चटकन बोलणं वेगळं आणि मध्येच बोलणं वेगळं. जपानी श्रोता समोरचा बोलत असताना ‘हाय, हाय’ असे छोटे हुंकार देत राहतो आणि वाक्य संपताक्षणी उत्तर देतो. त्याचा वेग लक्ष देण्यातून आलेला असतो. तेचकरांचा वेग लक्ष नसण्यातून येतो.

हे असं का झालं, याचं एक कारण आपल्या शिकवण्यात आहे. शाळेच्या भाषा अभ्यासक्रमात श्रवण, भाषण, वाचन, लेखन अशी चार कौशल्यं याच क्रमानं सांगितलेली असतात. परीक्षा मात्र उलट्या टोकाकडून सुरू होते आणि श्रवणापर्यंत पोचेतो तिचा जोर संपलेला असतो. वक्तृत्व स्पर्धा तालुक्यातालुक्यात होतात. श्रोतृत्वाची ढाल कुणी लावल्याचं दिसत नाही. पुढं नोकरीच्या वेळी मुलं संभाषणकलेच्या क्लासला जातात, तिथं उभं कसं राहावं, हात कुठं ठेवावेत, नजर कुणावर रोखावी हे शिकवतात. सगळं शिकवणं तोंडाचं असतं. कान मुलानं घरून आणलेच आहेत असं गृहीत धरलेलं असतं. आपली परंपरा याबाबतीत जास्त शहाणी होती. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं आणि कीर्तन दुसरं, हा क्रम ज्यानं लावला त्याला तेचकर नक्की भेटले असावेत. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची सुरुवातच श्रोत्यांकडे अवधान मागण्यानं होते. ज्ञानेश्वरांनाही लक्ष मागून घ्यावं लागलं, तिथं खजिनदारांची काय कथा! भाषणाचा सराव करवणाऱ्या टोस्टमास्टर्ससारख्या संस्थेतही प्रत्येक तयार भाषणासाठी एक मूल्यमापक नेमलेला असतो. त्यानं मन लावून ऐकलं नाही तर वक्त्याच्या पदरात काहीच पडत नाही.

तेचकरांचा पहिला बचाव वेळेचा असतो. ‘लोक फार पाल्हाळ लावतात हो. मी मध्ये बोललो नाही तर संध्याकाळ होईल.’ हा बचाव तपासायला दवाखान्याइतकी चांगली जागा नाही, कारण डॉक्टरांना वेळ नसतो हे सर्वांना मान्य आहे. बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकन संशोधकांना १९८४ साली असं आढळलं की, रुग्ण तक्रार सांगू लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला थांबवतात. तेचकर म्हणतील, बरोबरच आहे, नाहीतर तो थांबलाच नसता. पण स्वित्झर्लंडमधल्या एका रुग्णालयात डॉक्टरांना मध्ये न बोलता ऐकायला सांगून हे मोजलं गेलं, आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ३३५ रुग्णांना मोकळं बोलू दिल्यावर ते सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले. पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलले ते अवघे सात जण, आणि त्यांचंही बोलणं कामाचं होतं असं डॉक्टरांनीच सांगितलं. म्हणजे ज्या पाल्हाळाच्या भीतीनं तेचकर आडवे जातात, तो पाल्हाळ बहुतेकदा दीड मिनिटाचा असतो. उलट तोडलेलं वाक्य पुन्हा सुरू करायला, चुकीचं समजलेलं निस्तरायला आणि मामांची गोष्ट संपायला किती वेळ जातो, हे प्रत्येकानं आपापल्या घड्याळावर पाहावं.

दुसरा बचाव जिव्हाळ्याचा, आणि तो जास्त वजनदार आहे. ‘आपण काही कोर्टात बसलेलो नाही. कट्ट्यावर सगळे एकदमच बोलतात, त्यातच मजा आहे.’ हे नाकारता येत नाही. डेबोरा टॅनन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी एका जेवणाच्या पंगतीतल्या गप्पा ध्वनिमुद्रित करून बारकाईनं तपासल्या, आणि एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं हे काही मंडळींत आपुलकीचं लक्षण असतं, त्यानं बोलणाऱ्याला जोर चढतो, असं दाखवून दिलं. दोन मैत्रिणी एकमेकींची वाक्यं पुरी करत तासभर बोलतात आणि दोघींनाही सगळं कळलेलं असतं, हे आपल्याकडेही दिसतं. पण शाहिराच्या मागे उभा असलेला झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणत शाहिराच्या आवाजात आवाज मिसळतो, तेव्हा पोवाडा शाहिराचाच राहतो. झीलकरी मध्येच पुढे येऊन स्वतःच्या आजोबांचा पोवाडा सुरू करत नाही. प्रश्न आवाज एकमेकांवर चढण्याचा नाहीच. विषय कुणाच्या हातात राहिला, एवढाच आहे. चार्ल्स डर्बर या समाजशास्त्रज्ञानं १९७९च्या आपल्या पुस्तकात हाच फरक मांडला आहे : काही प्रतिसाद समोरच्याच्या बोलण्याला आधार देतात, काही त्याचं बोलणं स्वतःकडे वळवून घेतात. ‘माझा गुडघा फार दुखतोय’ यावर ‘कधीपासून?’ हा पहिला प्रकार. ‘गुडघ्याचं मला विचारा!’ हा दुसरा. कुणीही विचारलेलं नसतं, हे सांगायला नकोच.

तिसरा बचाव ऑफिसातला. ‘गप्प बसणाऱ्याला मीटिंगमध्ये कुणी विचारत नाही, बढती बोलणाऱ्याला मिळते.’ यात तथ्य आहे. आपल्या कचेऱ्यांत मोठ्या आवाजाला हुशारी समजण्याची चाल आहे, आणि नव्यानं लागलेल्या मुलांची, विशेषतः मुलींची, वाक्यं तोडली जातात तेव्हा त्यांना ‘थांबा आणि ऐका’ असा उपदेश करणं अन्यायाचं होईल. त्यांनी ‘माझं वाक्य पुरं व्हायचंय’ असं ठामपणे म्हणायला शिकावं. तेही बोलण्याचंच कौशल्य आहे. मात्र ऐकणं म्हणजे गप्प बसणं असं तेचकर समजतात, तिथं त्यांची गफलत होते. ज्यानं चौघांचं पुरतं ऐकलं, तोच पाचव्या मिनिटाला ‘म्हणजे खर्चावर सगळ्यांचं एकमत आहे, वाद फक्त तारखेचा आहे’ असं म्हणू शकतो, आणि मीटिंग तिथं संपते. तेचकर संपूर्ण मीटिंगभर बोलतात. त्यांच्या वाक्यांतलं एकही पुढच्या सोमवारी कुणाला आठवत नाही. चांगलं बोलणं हे नेहमी कशाला तरी दिलेलं उत्तर असतं, आणि कशाला उत्तर द्यायचं हेच ज्यानं ऐकलेलं नाही, त्याचा उच्चार कितीही स्वच्छ असला, हातवारे कितीही सफाईचे असले तरी ते हवेतच जातात.

उपाय अवघड नाही, फक्त तेचकरांच्या स्वभावाला जड आहे. क्रियापद येईपर्यंत थांबावं, आणि त्यानंतर ‘नाही’ येतं का, हे पाहायला एक श्वास घ्यावा. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ सालीच सुचवलेली रीत वापरावी : आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगून दाखवावं आणि ‘हेच ना?’ असं विचारावं. आरंभी त्यात थोडं नाटक वाटेल, वेळही जास्त जाईल. पण ‘नाही, तसं नाही’ असं उत्तर आठवड्यातून किती वेळा येतं हे मोजलं, की आजवर आपण किती जणांना भलत्याच गोष्टींची उत्तरं दिली याचा अंदाज येतो. हे जमू लागलं, तर ‘तेच म्हणतो मी’ हे वाक्य सोडायचीही गरज नाही. समोरच्याचं पुरतं ऐकून घ्यावं आणि मग ते खुशाल म्हणावं. तेव्हा ते निदान खरं असेल.