कुमार कादंबऱ्यांचे मासिक परीक्षण : नवशिक्यांसाठी सोपी पद्धत

महिना सरत आला की पुरवणीच्या संपादकांचा फोन येतो. "या महिन्यातल्या कुमार कादंबऱ्यांवर आठशे शब्द द्या. परवापर्यंत." टेबलावर आठ पुस्तके पडलेली असतात आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावर 'अभिप्रायार्थ' असा जांभळा शिक्का असतो. नवोदित परीक्षक अशा वेळी गांगरतो आणि थेट वाचायलाच बसतो. त्याचा वेळ वाचावा, डोळे वाचावेत आणि मानधन वेळेवर मिळावे, एवढ्याच हेतूने ही पद्धत देत आहोत. ती इंग्रजीतल्या 'यंग अ‍ॅडल्ट' कादंबऱ्यांना जशी चालते तशीच मराठीलाही चालते.

पात्रता

वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असावे. पंधरा वर्षांच्या मुलामुलींशी अलीकडे बोलणे झालेले नसावे. झालेच असेल तर ते 'मार्क किती पडले' एवढ्यावर थांबलेले असावे. यात कमीपणा मानू नका. या व्यवहारात लिहिणारे मोठे, छापणारे मोठे आणि विकत घेणारेही मोठेच. अमेरिकेत २०१२ साली बोकर या संस्थेने पाहणी केली, तेव्हा बारा ते सतरा वर्षांच्या वाचकांसाठी म्हणून निघालेली पुस्तके घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक अठरा वर्षांवरचे निघाले. त्यांतला सर्वांत मोठा गट तीस ते चव्वेचाळीस वयाचा होता, आणि हे लोक बहुतेक खरेदी पोरांसाठी नव्हे, स्वतःच्या वाचनासाठी करत होते. तेव्हा परीक्षकही मोठाच असला, तर बिघडते कुठे? पंधरा वर्षांचे पोर मध्ये आले तर काम लांबेल.

पायरी पहिली : ढीग लावणे

पुस्तके विषयानुसार लावू नका, जाडीनुसार लावा. सर्वांत बारीक वर. तीन भागांची मालिका असेल तर थेट तिसरा भाग घ्या; पहिल्या दोन भागांत काय घडले ते पात्रे एकमेकांना सांगतच असतात. टाइप मोठा, समास रुंद आणि संवाद भरपूर असलेले पुस्तक हाती लागले तर देवाचे आभार माना.

काही लेखक परीक्षकाची फारच काळजी घेतात. स्टेफनी मेयर यांच्या 'न्यू मून'मध्ये (२००६) एके ठिकाणी लागोपाठच्या पानांवर नुसती महिन्यांची नावे आहेत : ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. बाकी पान कोरे. परीक्षकाला हा निव्वळ नफा. प्रियकर एडवर्ड सोडून गेल्यावर नायिका बेलाचे दिवस कसे गेले, हे लेखिकेने त्या कोऱ्या पानांवर सांगितले आहे म्हणे. जिच्याशी कुणी तरी नुकतेच बोलणे टाकले आहे, अशी वाचक मुलगी तिथे अडते आणि पाने मागेपुढे करत बसते. तुम्ही अडू नका. वहीत 'मजकूर विरळ' अशी नोंद करून पुढचा अध्याय गाठा.

पायरी दुसरी : साचा पकडणे

महिन्याला एकच कादंबरी वाचणाऱ्याला ती कादंबरी दिसते. आठ वाचणाऱ्याला साचा दिसतो, आणि साचा दिसला की काम निम्म्यावर येते. उदाहरणार्थ, सुझन कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स' (२००८) आणि व्हेरॉनिका रॉथ यांची 'डायव्हर्जंट' (२०११) एकापाठोपाठ घ्या. दोन्हींत सोळा वर्षांची नायिका. दोन्हींत तीच प्रथमपुरुषी, वर्तमानकाळी बोलते. एकीत बारा जिल्हे, दुसरीत पाच गट. दोन्हींत सुरुवातीलाच एक सोहळा, आणि त्या सोहळ्यात पोरीचे पुढचे आयुष्य ठरते. 'तोच तो साचा' हे शब्द इथे आपोआप सुचतात. लिहून टाका.

दुसरे वाचन मात्र करू नका, नाही तर भलतेच काही दिसू लागते. कॉलिन्स यांच्या कादंबरीत दरवर्षी चिठ्ठ्या काढून मुले मरणाच्या खेळाला पाठवली जातात. बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी, मग दरवर्षी एकेक वाढत जाते. पण घरात खायला नसेल तर आणखी चिठ्ठ्या टाकून वर्षभराचे बेताचे धान्य आणि तेल मिळते, माणशी एक चिठ्ठी. नायिका कॅटनिस स्वतःसाठी, आईसाठी आणि बहिणीसाठी अशा दरवर्षी तीन जादा चिठ्ठ्या टाकत आलेली आहे. सोळाव्या वर्षी वयाच्या पाच आणि धान्याच्या पंधरा, अशा तिच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या त्या भांड्यात आहेत. खात्यापित्या घरच्या पोरीच्या पाचच. ज्या घरात महिनाअखेरीस रेशनकार्ड शोधले जाते, त्या घरातल्या मुलाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. कादंबरीतला अन्याय त्याला या बेरजेतच कळतो. पण ही बेरीज मांडायला शंभर शब्द जातात आणि तुमच्या वाट्याला एका पुस्तकामागे शंभरच आहेत. 'तोच तो साचा' तीन शब्दांत भागते.

पायरी तिसरी : कथानक सांगणे, शेवट न सांगणे

परीक्षणाचा दोनतृतीयांश भाग कथानकाने भरावा. मलपृष्ठावरचा मजकूर हाताशी ठेवा. क्रियापदे तेवढी बदला. शेवटाजवळ आलात की थबका आणि लिहा : 'पुढे काय होते, हे मुळातूनच वाचायला हवे.' वाचकाची उत्सुकता टिकते, आणि शेवटची साठ पाने राहून गेली असतील तर तीही गोष्ट झाकली जाते.

रॉबर्ट कॉर्मिअर यांच्या 'द चॉकलेट वॉर'ला (१९७४) हे वाक्य विशेष शोभते. शाळेच्या निधीसाठी प्रत्येक मुलाने चॉकलेटची पन्नास खोकी विकायची असा फतवा निघतो. जेरी नावाचा पोरगा 'मी विकणार नाही' म्हणतो. मदतनिधीची तिकिटे घेऊन शेजाऱ्यांच्या दारोदार हिंडलेल्या मराठी मुलाला एवढ्यावरच जेरी आपला वाटू लागतो. पुढे शाळेतली गुंड पोरे आणि मास्तर मिळून जेरीला मोडून काढतात. तो हरतो, सपशेल हरतो, आणि लढण्यात अर्थ नाही असेच त्याला वाटू लागते. हा शेवट बदला, असे प्रकाशकांनी सुचवून पाहिले; कॉर्मिअर यांनी बदलला नाही. म्हणजे या कादंबरीत बोलण्यासारखे जे आहे ते शेवटातच आहे. नेमके तेच तुम्हाला सांगायचे नाही. किती सोपे झाले पाहा.

याच कॉर्मिअर यांनी पुढे 'आय अ‍ॅम द चीज' (१९७७) लिहिली, तेव्हा नायकाच्या मैत्रिणीचा, एमीचा, फोन नंबर म्हणून आपल्या घरचाच नंबर छापून दिला. वाचणारी पोरे खरेच फोन लावत आणि एमीला बोलवा म्हणत. कॉर्मिअर फोन उचलत, बोलत. हा प्रकार अनुकरणीय नाही. परीक्षणाखाली आपला नंबर कधीही छापू देऊ नये.

पायरी चौथी : लेखक-परिचय

'पदार्पणातच' हा शब्द इथे वापरायचा. वय कमी असेल तर 'कोवळ्या वयात' हेही जोडा. एस. ई. हिंटन यांनी 'द आउटसायडर्स' लिहायला घेतली ती पंधराव्या वर्षी, आणि १९६७ साली ती छापून आली तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. तुल्सातल्या पोरांच्या टोळ्या, मारामाऱ्या, चाकू. सुझन एलॉइस हे नाव आवरून नुसती आद्याक्षरे ठेवण्याची सूचना प्रकाशकांची. टोळ्यांवर एका मुलीने लिहिले आहे म्हटल्यावर पुरुष परीक्षक पुस्तक बाजूला सारतील, अशी भीती त्यांना वाटली. आपल्या पूर्वसूरींचा असा दबदबा होता, हे नवोदितांनी लक्षात ठेवावे. पुढे कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या मुलांनी सह्या करून फ्रान्सिस फोर्ड कपोला यांना पत्र धाडले, की या कादंबरीवर सिनेमा काढा. त्यांनी काढला, १९८३ साली. एखादे परीक्षण वाचून त्यांनी तो काढला असता तर आम्ही इथे नक्की नमूद केले असते.

पायरी पाचवी : संस्कार तपासणे

मराठी परीक्षणात हा परिच्छेद टाळून चालत नाही. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तेव्हापासून मुलांच्या प्रत्येक पुस्तकाला श्यामच्या शेजारी उभे करून उंची मोजण्याची आपली रीत आहे. पुस्तक उंचीला कमी भरले तर 'संस्कारक्षम वयाचा विचार करता काही प्रसंग टाळता आले असते' असे लिहावे. कोणते प्रसंग, ते लिहू नये. घरोघरी लोक आपापले शोधून घेतात.

जुडी ब्लूम यांच्या 'आर यू देअर गॉड? इट्स मी, मार्गारेट' (१९७०) या पुस्तकासाठी आणखी मऊ वाक्य लागते. अकरा-बारा वर्षांची मार्गारेट पाळी कधी सुरू होणार याची वाट पाहते आणि त्याबद्दल थेट देवाशी बोलते. ब्लूमबाईंनी आपल्या मुलांच्या शाळेला तीन प्रती भेट दिल्या, तर मुख्याध्यापकांनी त्या वाचनालयात ठेवल्याच नाहीत. सहावीतल्या मुलींनी पाळीविषयी वाचणे त्यांना योग्य वाटले नाही. त्या वर्गातल्या काही मुलींची पाळी तेव्हा सुरूही झालेली असणार, हा प्रश्न वेगळा. पुढे मुलांनी ब्लूम यांना इतकी पत्रे लिहिली की त्यांतल्या निवडक पत्रांचे १९८६ साली पुस्तक निघाले. तुमच्यासाठी वाक्य असे : 'विषय नाजूक असला तरी लेखिकेने तो संयमाने हाताळला आहे, पालकांनी आधी वाचून मग मुलींच्या हाती द्यावे.' पालक आधी वाचणार नाहीत. म्हणजे प्रश्न मिटला.

पायरी सहावी : 'मराठीत असे का होत नाही?'

हा उसासा शेवटून दुसऱ्या परिच्छेदात टाकावा. टाकण्यापूर्वी मराठीत काय झाले आहे हे पाहू नये, कारण मग उसासा नीट येत नाही. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघते आहे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकल मारत किती तरी पुस्तके हिंडला आहे, प्रकाश नारायण संतांचा लंपन 'वनवास'मधून १९९४ साली आला. ही नावे आठवली तरी दाबून टाका.

'शाळा' मात्र फार अडचण करते. मिलिंद बोकील यांची ही कादंबरी २००४ साली आली, तिच्यावर 'कुमारांसाठी' असे कुठेही लिहिलेले नव्हते, आणि तरी नववी-दहावीच्या पोरांनी ती बरोबर शोधून काढली. बाहेर आणीबाणी चालू आहे आणि नायक मुकुंदाचे सगळे लक्ष शिरोडकर या मुलीकडे. देशावरचे संकट त्याला दिसते ते मोठ्यांच्या बोलण्यातून, येता-जाता. त्या वयात ते तसेच दिसते. वडिलांच्या कपाटातून मुलाने घेतली की मुलाच्या दप्तरातून वडिलांनी घेतली, हे घरोघरी वेगळे. अशा पुस्तकाला कोणत्या रकान्यात बसवायचे? कोणत्याच नाही. 'अपवाद' म्हणा आणि उसासा पूर्ण करा.

पायरी सातवी : नमुना परीक्षण

वेळ अगदीच नसेल तर खालील नमुन्यात रिकाम्या जागा भराव्यात.

'_____' ही _____ यांची कुमारवयीन वाचकांसाठीची कादंबरी. _____ वर्षांच्या नायकाच्या / नायिकेच्या (नको ते खोडा) भावविश्वाचा वेध घेताना आजच्या काळातील प्रश्नांना लेखकाने / लेखिकेने समर्थपणे स्पर्श केला आहे. कथानक वेगवान असून शेवटपर्यंत खिळवून ठेवते. मधला भाग काहीसा रेंगाळतो. भाषा ओघवती. मुखपृष्ठ समर्पक. मुद्रणदोष टाळता आले असते तर बरे झाले असते. कुमारांनीच नव्हे, तर मोठ्यांनीही आवर्जून वाचावी अशी संग्राह्य कादंबरी. पुढील लेखनास शुभेच्छा.

पडताळा म्हणून वर आलेल्या प्रत्येक कादंबरीचे नाव यात घालून पाहा. सगळ्या बसतात. कॅटनिस बसते, जेरी बसतो, मार्गारेटही बसते. कादंबऱ्या एका साच्यातल्या असतात ही तक्रार आपण दुसऱ्या पायरीत केलीच आहे. ती इथे पुन्हा करायला हरकत नाही, जागा उरली असेल तर. ज्या पुस्तकांची नावे या नमुन्यातही मावली नाहीत ती खाली बारीक टायपात, 'साभार पोच' या मथळ्याखाली द्यावीत. तिथे पुस्तकाचे नाव, प्रकाशक, पृष्ठे आणि किंमत एवढेच लागते, आणि प्रकाशक त्याचेही कात्रण कापून ठेवतात.

काही अडचणी व उपाय

नमुन्यात चार गोष्टी मात्र काही केल्या बसत नाहीत : महिन्यांची कोरी पाने, वीस चिठ्ठ्यांची बेरीज, जेरीचे हरणे आणि घरचा फोन नंबर. त्या घ्यायच्या झाल्या तर एकाच पुस्तकापाशी थांबावे लागते. ते संपूर्ण वाचावे लागते, शेवटासकट. घरातल्या नववीतल्या पोरीला ते देऊन ती कुठल्या पानावर अडली हे पाहावे लागते, आणि शेवट सांगूनच टाकावा लागतो, कारण त्याशिवाय बोलता येत नाही. एवढे केलेत तर आठशे शब्द त्या एका पुस्तकावरच संपतील.

मग संपादकांचा फोन येईल. "लेख बरा आहे, पण बाकीच्या सात पुस्तकांचे काय?"

त्यांना सांगा : साभार पोच.