दहाहजारी मनसबदार

मनसबदारी बुलडाणा जिल्ह्याला नवी नाही. सिंदखेडचे लखुजी जाधवराव मनसबदारच होते. त्यांच्या काळी घोडे मोजत, आमच्या नशिबी पावलं आली. धाडच्या आमच्या कचेरीत वरून फर्मान सुटलं: महिनाभर रोज दहा हजार पावलं चाला, मोजणी मोबाइलवर, पहिला येईल त्याला पाण्याची बाटली.

हा आकडा कुण्या धन्वंतरीचा नव्हे. १९६५ साली एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घालून टाकले. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर बायकांचा अभ्यास झाला. त्यात रोजच्या ४,४०० पावलांनीही आयुष्याला फायदा दिसला आणि साडेसात हजारांच्या पुढे तो फारसा वाढला नाही. हे मी साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "अभ्यास राहू द्या, चाला."

मग अक्कल चालू लागली. कॅशियर फोन खिशात टाकून खड्ड्याखड्ड्यांतून मोटारसायकल हाणू लागले. मोठ्या बाबूंनी तर फोन नातवाच्या पाळण्यालाच बांधला. नातू झोपायचा, आजोबा मजल मारायचे.

पण खरंच चालणारेही निघाले. जेवणानंतर टेबलावर मान टाकणारी मंडळी स्टँडपर्यंत शतपावली करू लागली. जेवल्यावर चाललं की पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. स्टँडवरचा चहावाला ती लगेच परत करायचा, हा भाग वेगळा. रजेच्या अर्जावरून अबोला धरलेले दोघे जण त्या वाटेवर पुन्हा भांडू लागले. कचेरीला हायसं वाटलं.

लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो, असं जेरेमी मॉरिस या डॉक्टरानं १९५३ मध्ये दाखवून दिलं. स्टँडवर एका एसटी कंडक्टरला मी हे कौतुकानं सांगितलं.

"भाऊ," तो म्हणाला, "आमच्या गाडीत पाय ठेवाले जागा नाई, चालू कुठं?"

महिना सरला. बाटली अर्थातच पाळण्याला गेली. टपाल, फायली, पाणी, झेरॉक्स करत दिवसभर उभ्या गावात फिरणारे शिपाईमामा यादीत नव्हतेच; त्यांचा फोन बटणांचा. टाळ्या झाल्या, फोटो निघाला आणि साहेबांनी बेल मारली.

"मामा, बाबूंची बाटली जरा भरून आणा."