सांगली ते हरिपूर, चालत

सांगलीला समुद्र नाही, याबद्दल सांगलीकरांना दोष देण्यात अर्थ नाही. कृष्णा महाबळेश्वरात उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम 65 किलोमीटर. पण हाताशी असलेला समुद्र सोडून बाई पूर्वेला वळल्या आणि जवळजवळ 1400 किलोमीटर पायपीट करून बंगालच्या उपसागराला मिळाल्या. हा निर्णय सातारा जिल्ह्याच्या हद्दीत झाला, एवढीच नोंद करून ठेवतो. सातारकरांना विचारून उपयोग नाही. त्यांच्याकडं अजिंक्यतारा आहे. जवळजवळ दरवाजापर्यंत गाडीनं जायचं, वर दोन बुरूज हिंडायचे आणि खाली येऊन आम्हाला विचारायचं, ‘तुमच्याकडं चढच नाही, मग फिरता कुठं?’

आमच्यात हा विषय निघाला तो भाच्यामुळं. तो सिडनीला असतो. तिथं बाँडाय ते कूजी अशी एक वाट आहे. सहाएक किलोमीटर, एका चौपाटीवरून दुसऱ्या चौपाटीवर, कड्याकड्यानं. दर रविवारी त्याचा व्हिडिओ येतो. निळं पाणी, पांढरा फेस, वाटेत वेव्हर्ली नावाची जुनी स्मशानभूमीसुद्धा, तीही समुद्राकडं तोंड करून. पाण्याचं मला काही वाटत नाही, पाणी आम्ही पाहिलंय. मला खुपतं ते वेगळंच. सबंध व्हिडिओत त्याला एकही माणूस ‘कुठं निघालाय?’ म्हणून विचारत नाही.

आमची वाट आयर्विन पुलापासून निघते आणि हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर संपते. तीन-चार किलोमीटरचा मामला. नदीकाठची म्हणतात, पण नदी बहुतेक वेळ घरांच्या आणि शेतांच्या मागं असते. आहे एवढं आपण धरून चालायचं. मधूनच वास येतो, त्यावरून खात्री पटते. घाटावर निर्माल्याचा डबा ठेवलेला आहे आणि निर्माल्य त्याच्या शेजारी. पात्रात मगरी आहेत. मगर दिसली की पुलावर गाड्या थांबतात, आणि जो तो आपल्याला आधीच दिसली होती असं सांगतो.

पाण्याकडं बघून हळवं होण्याची पद्धत इकडं नाही. पाणी आम्ही फुटांत मोजतो. 1929 साली बांधलेल्या आयर्विन पुलाशी 40 फूट झालं की इशारा, 45 झालं की धोका. 2005 साली 53 च्या वर गेलं, 2019 साली 57 च्याही वर. पावसाळ्यात लोक एकमेकांची खुशाली विचारत नाहीत, ‘कोयनेतनं किती सोडलं?’ विचारतात. हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती. 2005 च्या पुरानं त्यांतल्या कितीतरी पेवांची वाट लावली. सिडनीकर समुद्राला भेटायला जातात. आमच्याकडं नदीच घरी येते, आणि आली की वरच्या मजल्यावर जायची सोय बघावी लागते. त्यामुळं उरलेल्या दहा महिन्यांत कुणी मुद्दाम नदीकडं चालत निघाला, तर लोकांना काळजी वाटणं साहजिक आहे.

ही काळजी मोटरसायकलवरून येते. पाठीमागनं हॉर्न, मग करकचून ब्रेक. ‘काय हो, चालत? गाडी बंद पडली काय?’ नाही म्हटलं तर, ‘बसा मागं, सोडतो.’ कुठं सोडणार, हे त्यालाही माहीत नसतं. नको म्हटलं की चेहरा पडतो. मी फिरायला निघालोय म्हटलं तर तो मागं-पुढं बघतो, की याच्या घरी भांडणबिंडण झालं काय. दुसरा थांबतो तो पहिल्याला बघून. मग दोघं मिळून माझ्या चालण्याची चर्चा करतात आणि मी मधे उभा राहतो. कूजी अशानं कधी येणार?

एकदा वैतागून मी ‘शुगर आहे’ असं सांगून टाकलं.

त्या शब्दानं रस्ता मोकळा झाला. ‘मग चालायलाच पायजे,’ म्हणत माणसं आदरानं पुढं निघून जाऊ लागली. पण आठवड्याभरात तीच माणसं पिशव्या घेऊन थांबू लागली. कुणी मेथीची पूड, कुणी जांभळाच्या बिया वाळवून. एकानं कारल्याचा रस बाटलीत भरून आणला आणि समोर प्यायला लावला. बाटली त्याला परत हवी होती. हरिपूरच्या एका आजोबांनी घरची हळद दिली, तेवढी मात्र मी ठेवून घेतली. संगमेश्वराच्या देवळाबाहेर श्रावणी सोमवारी गर्दीत कुणीतरी माझ्या हातातला पेढा काढून घेतला. म्हणाला, ‘काका, तुम्हाला नाही चालत.’ तो कोण होता, मला अजून माहीत नाही.

ही बातमी घरी माझ्या आधी पोचली. ‘सगळ्या गावाला सांगितलंत, मला नाही?’ एवढंच बायको म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी चहात साखर नव्हती. खुलासा केला तर तिला तो आजार लपवण्याचा प्रकार वाटला. शेवटी उपाशीपोटी रक्त काढलं, खाऊन पुन्हा काढलं. रिपोर्ट नॉर्मल आला. तिनं तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, ‘मग हरिपूरला कशाला जाता?’

नदी बघायला, असं म्हणणार होतो. पण 2019 साली याच बाईनं ती आमच्या जिन्याच्या पाचव्या पायरीवर बघितलेली आहे.

सध्या मी गुडघ्याचं कारण सांगतो. गुडघ्याला त्या रस्त्यावर शुगरइतका मान नाही, आणि गुडघा दुखतोय तर चालता कशाला, म्हणून लोक गाडीवर बसवायचा आग्रहही जास्त करतात. पण अजून कुणी काही प्यायला आणलेलं नाही.