फरशी उलटी, काम यशस्वी

हरित प्रमाणपत्र हवं असेल तर इमारत अनेकदा आधी संगणकात उभी करावी लागते. तिथे तिला वर्षभराचे, म्हणजे 8760 तासांचे, ऊन-वारे दाखवायचे आणि वीज किती लागते ते मोजायचं. एनर्जीप्लस नावाचा फुकट मिळणारा अमेरिकी प्रोग्रॅम हे इमानेइतबारे करतो. त्याला एकच वाईट खोड आहे: तो खरं बोलतो.

काम संपलं की तो एक एरर फाइल मागे ठेवतो. तिच्यात वॉर्निंग, सीव्हिअर आणि फेटल अशा तीन पायऱ्या. आपल्या सरकारी भाषेत कारणे दाखवा नोटीस, निलंबन आणि बडतर्फी. फेटल आलं की गाडीच थांबते, म्हणून तेवढं दुरुस्त होतं. कारणे दाखवा नोटिशीने मात्र या राज्यात कुणाचं काही वाकडं झालंय?

आणि तक्रारी तरी कसल्या! 'फरशी उलटी आहे,' असं तो चक्क उद्गारचिन्ह देऊन सांगतो. कुणी दखल घेत नाही म्हटल्यावर बिचारा स्वतःच ती सुलटी करायला बघतो. 'खोली चहूबाजूंनी बंद नाही.' कन्सल्टंट म्हणतो, बरंच आहे की, हवा खेळती राहील.

धाराशिवला खास इशारा मिळतो. अक्षांश-रेखांश धाराशिवचे भरले आणि हवामानाची फाइल सोलापूरची जोडली, की प्रोग्रॅम कळवतो: तुमचं ठिकाण बाजूला ठेवलं, फाइलमधलं धरलं. यात आम्हाला नवल ते काय? दवाखाना सोलापूरला, बस्ता सोलापूरला, आता ऊनही सोलापूरचंच. आपण बालाघाटावर, त्यांच्याहून उंच बसलोय, हे फक्त त्या प्रोग्रॅमच्या लक्षात राहिलं.

खोली हवी तेवढी गार न होणारे तास ॲश्रे या अमेरिकी संस्थेच्या 90.1 मानकानुसार 300च्या आत लागतात. जास्त भरले तर यंत्रणा तपासायची, हा लांबचा रस्ता. जवळचा असा: ठरलेल्या तापमानाहून 0.2 अंश जास्त चालतील अशी सवलत प्रोग्रॅममध्ये मुळात असतेच, ती गुपचूप एक अंश करायची. खोली तापते तेवढीच तापते, तास मात्र घटतात.

फाइलच्या शेवटच्या ओळीत 'यशस्वीरीत्या पूर्ण' असं लिहिलेलं असतं आणि त्यालाच लागून वॉर्निंग किती, सीव्हिअर किती, हे आकडे. हरित इमारतीच्या उद्घाटनाचं बोलावणं आलं, तर फीत कापण्याआधी ती ओळ तेवढी वाचायला मागा.