ते विमान हे नव्हेच

सिनेमात विमान पडायला लागलं की साधा प्रेक्षक खुर्चीचा हात घट्ट धरतो. विमानवेडा शेजाऱ्याचा हात धरतो आणि म्हणतो, "असं होत नाही हं."

होत नाही हे आपल्यालाही कळत असतं. विमान उलटं झालंय, हवाईसुंदरी छताला चिकटलीय, मागे व्हायोलिनं किंचाळतायत, हे रोज होत असतं तर आपण सगळे कोकण रेल्वेच्या रांगेत उभे राहिलो असतो. पण विमानवेड्याची तक्रार ती नसतेच. विमान खुशाल उलटं होऊ दे. उलटं होताना पंखावरची जी पट्टी वर गेली ती खाली जायला हवी होती, एवढंच त्याचं म्हणणं.

ही जमात मुंबईत बऱ्यापैकी आहे. ओळखायची खूण सोपी. आपण गृहकर्जाच्या हप्त्याबद्दल पोटतिडकीने बोलत असतो आणि समोरचा मध्येच आभाळाकडे बघून म्हणतो, "ट्रिपल सेव्हन. आज लेट आहे." पश्चिमेचा वारा असला की विमानं घाटकोपर, कुर्ल्यावरून येऊन सांताक्रूझला उतरतात. जरीमरीच्या आसपास ती इतकी खालून जातात की गच्चीवर वाळत घातलेले कपडे आपसूक मान झुकवतात. सुटीच्या सकाळी तिथे मान वर करून उभे असलेले लोक दिसले तर सूर्यग्रहण वगैरे काही नाही, हेच ते.

आमच्या सोसायटीतल्या अशा एका गृहस्थांना सगळे 'कॅप्टन' म्हणतात. ते बँकेत आहेत. विमान सोडा, घरची गाडीसुद्धा वहिनी चालवतात आणि कॅप्टन शेजारी बसून "स्पीड चेक" म्हणतात.

त्यांच्या घरी विमान अपघाताचा सिनेमा बघणं हा दोन तासांचा कार्यक्रम चार तासांत उरकायचा प्रकार असतो, कारण रिमोट त्यांच्याकडे असतो. चित्र थांबतं. कॅप्टन उठतात, चिवड्याचा हात लेंग्याला पुसतात आणि टीव्हीच्या काचेवर बोट ठेवतात. "हे इंजिन बघा. तोंड खालून चपटं आहे की नाही? म्हणजे सेव्हन थ्री सेव्हन. हे विमान जमिनीला फार जवळ, म्हणून इंजिन खालून दाबून बसवलंय. आता पुढे बघा." चित्र चार सेकंद पुढे सरकतं, पुन्हा थांबतं. "आता गोल झालं! ढगात शिरताना बोइंग, बाहेर येताना एअरबस!" वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणतात, "अहो, त्या बाईचं मूल हरवलंय विमानात. तुम्ही इंजिनं बघा, मी माणसं बघते. पण सिनेमा चालू ठेवा."

खरं सांगायचं तर अख्खा वाद वहिनींच्या या एका वाक्यात आला.

अर्थात कॅप्टनचं सगळंच चूक असतं असं नाही. हिंदी सिनेमातला नायक मुंबईत दोन इंजिनांच्या विमानात चढतो, वाटेत त्याला चार इंजिनं फुटतात आणि लंडनला पोचेपर्यंत दोन गळून पडलेली असतात, हे मीही आता बघायला शिकलो आहे. ते ज्ञान मला नको होतं. तसंच पडणाऱ्या विमानाच्या त्या किंचाळीचं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी 'स्टूका' या बॉम्बफेकी विमानाच्या चाकांच्या दांड्यांवर भोंगे बसवले होते, खालच्या माणसांची गाळण उडावी म्हणून. भोंगा तेवढ्या विमानालाच होता. पण सिनेमावाल्यांना तो इतका आवडला की तेव्हापासून जंबो असो की शेतावर फवारणी करणारं विमान, पडताना प्रत्येक जण स्टूकाच्याच सुरात रडतो. कॅप्टननी हे सांगितल्यापासून ऐन करुण प्रसंगी मला भोंगाच दिसतो.

या मंडळींचे आवडते सिनेमे मात्र नेमके सगळ्यात अचाट असतात. १९७० साली 'एअरपोर्ट' आला आणि इतका चालला की त्याची मालिकाच निघाली. पहिल्यात बॉम्ब, दुसऱ्यात वैमानिकच गेल्यामुळे हवाईसुंदरी जंबो जेट सांभाळते आणि हेलिकॉप्टरमधून एक माणूस फुटलेल्या कॉकपिटमध्ये सोडला जातो, तिसऱ्यात जंबो थेट समुद्राच्या तळाशी. चौथ्यात, १९७९ साली, कॉन्कर्डच्या मागे क्षेपणास्त्र लागतं. तेव्हा वैमानिक काय करतो? खिडकी उघडतो, हात बाहेर काढतो आणि शोभेच्या दारूसारखं फ्लेअर उडवतो. कॉन्कर्डची! आवाजापेक्षा दुप्पट वेगाने जाणाऱ्या विमानाची! हा प्रसंग कॅप्टननी किमान वीस वेळा पाहिला असेल. दर वेळी तेवढेच संतापतात, आणि संताप ओसरला की मागे घेऊन पुन्हा लावतात. 'डाय हार्ड'च्या दुसऱ्या भागात वॉशिंग्टनवर विमानं इंधन संपेस्तोवर घिरट्या घालतात, तेव्हा ते सोफ्यावरून उठून ओरडतात, "अरे, शेजारी बाल्टिमोर आहे! तिकडे जा की!" हे ऐकून बी विंगमधले लोकसुद्धा आता बाल्टिमोर ओळखू लागले आहेत.

बी विंगमध्येच या पंथाची पुढची पिढी राहते. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा. संगणकावर हजारो तास 'उड्डाण' केलेला. सोसायटीत दुचाकी लावताना दर वेळी कोणाचा ना कोणाचा आरसा पाडतो. "प्रवाशांत कोणी विमान चालवू शकतं का?" हा प्रश्न सिनेमात आला की त्याचा श्वास अडकतो, कारण त्याचं आयुष्य त्या घोषणेची वाट बघण्यात चाललंय. मे २०२२ मध्ये फ्लोरिडात एका छोट्या सेसनाचा वैमानिक बेशुद्ध पडला आणि विमान चालवायचा अनुभव नसलेल्या प्रवाशाने नियंत्रण कक्षाच्या सूचना ऐकत ते सुखरूप उतरवलं. ती बातमी हा मुलगा जातीच्या दाखल्यासारखी जवळ बाळगतो. कॅप्टन म्हणतात, "ते एक इंजिनाचं होतं रे." तो म्हणतो, "काका, सुरुवात एकापासूनच होते."

'रनवे ३४' लागला तेव्हा आम्ही सगळे मिळून गेलो. दोहाहून कोचीला निघालेलं एक विमान २०१५ मध्ये खराब हवेमुळे कोचीला उतरू शकलं नाही आणि अखेर इंधनाच्या शेवटच्या थेंबांवर तिरुअनंतपुरमला टेकलं, त्या घटनेवर बेतलेला. तिकीट काढतानाच कॅप्टननी रांगेला समजावलं, की चौतीस हा घरनंबर नव्हे. दिशा ३४० अंश, शेवटचं शून्य उडवायचं. आपली मुंबईची धावपट्टी सत्तावीस म्हणजे २७०, सरळ पश्चिम. उत्तरार्धात अमिताभ बच्चन शुद्ध हिंदीत अजय देवगणची उलटतपासणी घेतात. थिएटर खूश. कॅप्टन हिरमुसले. "चौकशी अशी होत नाही. चौकशीत डरकाळ्या नसतात. चौकशीत कागद असतात."

इथे मला या माणसाची खरी नस सापडली. आपण हे सिनेमे विमान पडतं तेवढ्यासाठी बघतो. त्याला रस असतो तो त्यानंतरच्या कागदांत. 'सली' बघताना तो भडकला तोही याच कारणाने. जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कला पक्षी शिरून दोन्ही इंजिनं बंद पडली, वैमानिकाने विमान हडसन नदीत उतरवलं, आतले १५५ जण वाचले. पक्षी धडकल्यापासून पाण्याला टेकेपर्यंत सगळा खेळ २०८ सेकंदांचा. आता साडेतीन मिनिटांत सिनेमा कसा होणार? क्लिंट ईस्टवूडने मग चौकशी मंडळालाच खलनायक केलं. प्रत्यक्षात त्या मंडळानेच वैमानिकाचा निर्णय बरोबर ठरवला होता. सिम्युलेटरवर विमान परत फिरवून पाहताना माणसाला विचार करायला लागणारे ३५ सेकंद धरले, तर ते विमानतळाला पोचत नाही, हेही त्यांनीच तपासलं होतं. "माझे हिरो ते आहेत," कॅप्टन म्हणाले, "आणि याने त्यांना सासू केलंय!"

माझं मत विचाराल तर ईस्टवूडला दोष देता येत नाही. सिनेमाला खलनायक लागतो. अपघाताला बोल्ट पुरतो.

बोल्टची गोष्ट काकांची. काका म्हणजे आयुष्यभर विमानांच्या पोटाखाली उभं राहून नोकरी केलेले निवृत्त ग्राउंड इंजिनिअर. कलिन्याच्या कॉलनीत उमेद गेली, आता आमच्या तळमजल्यावर असतात. या मंडळात विमानाला खरोखर हात लावलेला एकटा माणूस, म्हणून सर्वांत कमी बोलणारा. एकदा कॅप्टन 'वास्तवाशी इमान' यावर बोलून दमले तेव्हा काका म्हणाले, "अहो कॅप्टन, खरं घडतं ते पडद्यावर घातलं तर तुम्हीच पैसे परत मागाल." आणि त्यांनी १९९० चा किस्सा सांगितला. बर्मिंगहॅमहून स्पेनला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच उडाली. कॅप्टन कंबरेपर्यंत बाहेर. आतल्या कर्मचाऱ्यांनी पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवलं. सगळ्यांना वाटलं कॅप्टन गेले. ते जगले, आणि काही महिन्यांत पुन्हा कामावर आले. कारण? आदल्या पाळीत काच बसवताना ९० पैकी ८४ बोल्ट केसभर बारीक घेतले गेले होते. "नजरेने जुळवले," काका म्हणाले. आयुष्यात कधी नजरेने न जुळवलेल्या माणसाच्या तोंडून तो शब्द शिवीसारखा वाटला.

"आणि जुहू विसरलात?" काका पुढे म्हणाले. १९५३ मध्ये बीओएसीचं कॉमेट सांताक्रूझ समजून जुहूच्या चिमुकल्या धावपट्टीवर उतरलं. बरं, एकदा झालं, संपलं. पण १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने तीच चूक केली आणि धावपट्टी ओलांडून पुढे गेलं. लेखकाने हे कथेत घातलं असतं तर निर्मात्याने विचारलं असतं, दोनदा कशाला?

यावर कॅप्टन गप्प बसले असं वाटत असेल तर तुम्ही कॅप्टनना ओळखलं नाही. त्यांनी 'नो हायवे इन द स्काय' काढला. १९५१ चा. त्यात जेम्स स्टुअर्टचा विसरभोळा शास्त्रज्ञ म्हणतो, धातू थकतो, विमानाची शेपटी तुटणार. कोणी ऐकत नाही, तेव्हा हा पठ्ठ्या उभ्या विमानाची चाकं आत घेऊन त्याला जमिनीवर बसवतो. मूळ कादंबरी लिहिणारा नेव्हिल शूट स्वतः विमान अभियंता. तीन वर्षांनी, १९५४ मध्ये, खरीखुरी कॉमेट विमानं धातूच्या थकव्यानेच आकाशात फुटली. "ही गोष्ट," कॅप्टन म्हणाले, "आणि हेच वास्तव. जमतं की नाही?" सिनेमा त्यांच्याशिवाय कोणीच पाहिलेला नसल्यामुळे ठराव बिनविरोध मंजूर झाला.

'फ्लाइट'वर मात्र एकमत होत नाही. डेन्झेल वॉशिंग्टन विमान उलटं उडवतो, ते सुचलं २००० सालच्या अलास्का एअरलाइन्सच्या अपघातावरून. त्या वैमानिकांनी खरंच उलट्या विमानाशी झुंज दिली होती. ८८ पैकी कोणी वाचलं नाही. शेपटीतल्या एका स्क्रूला वेळेवर ग्रीस लागलं नव्हतं. सिनेमात तो स्क्रू आहे, पण गोष्ट आहे वैमानिकाच्या बाटलीची. वहिनींना ती फार आवडली. कॅप्टनना बाटलीने दोन तास खाल्ले याचं दुःख आहे.

एवढं बोलणारा हा माणूस एकदाच बोलला नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादच्या विमान अपघाताची बातमी आली. संध्याकाळपर्यंत प्रत्येक वाहिनीवर कोणीतरी कारण सांगत होतं, रंगीत विमानं पडद्यावर पुन्हा पुन्हा पडत होती. सोसायटीतले लोक जिन्यात कॅप्टनना गाठून विचारत होते, "काय झालं असेल हो?" ते प्रत्येकाला एकच सांगत राहिले, "अहवाल येऊ दे." बी विंगमधल्या मुलाने काहीतरी अंदाज सुरू केला, तर काकांनी नुसतं बघितलं. महिना-दीड महिना त्यांच्याकडे कोणताच सिनेमा लागला नाही.

पुढे पावसाळा सरला, चिवडा पुन्हा निघाला. त्या रात्री वहिनींनी विचारलं, "काका, तुम्ही सांगा, या सगळ्यांत खरा सिनेमा कोणता?" काकांनी चहा संपवला आणि म्हणाले, "'एअरप्लेन!' १९८० चा." सगळे हसले, कारण तो तर अख्खा टवाळीचा सिनेमा, 'झीरो अवर' नावाच्या जुन्या गंभीर सिनेमाची संवादांसकट केलेली. काका म्हणाले, "त्यात मासा खाऊन वैमानिक आजारी पडतात. म्हणूनच वैमानिकांनी एकच जेवण घेऊ नये असा रिवाज आहे. ते तेवढं पक्कं खरं."

"पण काका," कॅप्टन पुढे सरकले, "त्यात विमान जेट आहे आणि आवाज पंख्याच्या विमानाचा!"

"अहो, तो मुद्दाम केलेला विनोद आहे," वहिनी म्हणाल्या.

"विनोद असला म्हणून काय झालं? इंजिन जेटचंच आहे ना?"