कारखाना निवडताना: केज तालुक्यातील कोयत्यांसाठी करिअर मार्गदर्शन

घर परदेशात आणि नोकरी भारतात, अशी कसरत करणाऱ्या वैमानिकाला विमान कंपनी निवडताना बराच खल करावा लागतो. करार किती वर्षांचा, जाण्यायेण्याचे तिकीट कोण काढणार, महिन्यातले किती दिवस घरी, मुक्कामाला हॉटेल कसले आणि मध्येच सोडायचे म्हटले तर काय भरून द्यावे लागेल? केजला विमानतळ नाही. रेल्वे सप्टेंबर २०२५ मध्ये बीडपर्यंत आली, पण केज तिच्या वाटेवर नाही. तरीही घर एकीकडे आणि नोकरी साडेतीनशे किलोमीटर पलीकडे, हा प्रश्न या तालुक्यात आजोबांपासून चालत आला आहे. दिवाळीच्या आगेमागे इथून ट्रक-ट्रॅक्टर भरतात आणि माणसे सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, नाहीतर थेट बेळगावच्या उसाच्या फडात उतरतात. एवढ्या अनुभवी वर्गाला आजवर कुणी करिअर मार्गदर्शन केले नाही, ही खेदाची बाब आहे. ती उणीव भरून काढण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

पात्रता

अर्ज एकट्याला करता येत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि त्याला टोळी जमवणारा मुकादम दारात उभे करत नाही. विमान चालवायलाही दोघे लागतात, पण त्यांचे एकमेकांशी लग्न झालेले असावे अशी अट अजून तरी कुठल्या विमान कंपनीने घातलेली नाही. शिवाय तिथे दोघांचा पगार दोन खात्यांत जमा होतो. इथे दोघांची मजुरी एकाच नावावर लागते आणि ते नाव बहुधा बाईचे नसते. फडात ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, डोक्यावर घेऊन गाडीत चढवणे ही कामे मात्र तिची असतातच. पहाटेचा स्वयंपाक मोजला जात नाही, कारण तो टनात येत नाही.

१. उचल

वैमानिकाला रुजू होताना बोनस देतात, कोयत्याला उचल. उचल पाऊस सुरू झाल्यावर घ्यावी, कारण तेव्हाच तिची गरज पडते: बियाणे, दवाखाना, मुलीचे लग्न, मागच्या उचलीची बाकी. लाखाची उचल घेतली असे धरू. जानेवारी २०२४ मध्ये पवार-मुंडे लवादाच्या बैठकीत ऊसतोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. एक कोयता दिवसाला दोन टन ऊस तोडतो असे मानले तर दिवसाचे ७३२ रुपये, दोघांचे मिळून. लाख भागिले ७३२ म्हणजे १३७ दिवस. १५ नोव्हेंबरला पहिली मोळी बांधली आणि एकही दिवस आजारी पडला नाहीत, तर बरोबर ३१ मार्चला, आर्थिक वर्ष संपता संपता, उचल फिटते. या १३७ दिवसांत काही खाल्ले असल्यास ते यात धरलेले नाही. हंगाम तेवढे दिवस चालेल याची हमीही कारखान्याचा अध्यक्ष देत नाही. ऊस संपला की पट्टा पडतो, म्हणजे हंगाम बंद, मग तुमची बाकी फिटो न फिटो.

२. मुकादम

अनेक होतकरू कोयते इथेच चुकतात. ते कारखान्याच्या नावाला भुलतात. रिकव्हरी किती, एफआरपी वेळेवर देतो का, चेअरमन कोणत्या पक्षाचा, या चौकशा ऊस उत्पादकाने कराव्यात. कारखान्याचा करार होतो तो वाहनमालकाशी नाहीतर मुकादमाशी. तुमचे नाव त्याच्या वहीत असते, कारखान्याच्या रजिस्टरात नसते. उद्या फडात काही बरेवाईट झाले, तर हा माणूस आमचा नव्हेच, असे कारखाना सांगू शकतो आणि कागदोपत्री ते खरेही असते. तेव्हा निवड कारखान्याची करायची नसून मुकादमाची करायची आहे.

मुकादमाला तोडणीच्या बिलावर २० टक्के कमिशन मिळते. तेही २०२४ च्या त्याच बैठकीत १९ वरून २० झाले. तोही बिचारा कारखान्याकडून उचल घेऊनच आलेला असतो, आणि एखादी टोळी पैसे घेऊन पसार झाली की त्याचेही घर बसते. म्हणून त्याच्यावर फार राग धरू नये. फक्त त्याची वही पाहावी. वजनाची पावती रोज दाखवतो की पट्टा पडल्यावर एकदम आकडा सांगतो? वही त्याच्या खिशात असते की तुमच्याही घरात तिची नक्कल असते? दहावी शिकलेली मुलगी घरात असेल तर रोजचे टन तिला वेगळ्या वहीत लिहायला लावावेत. या संपूर्ण मार्गदर्शिकेत खरोखर उपयोगाचा सल्ला एवढा एकच आहे. तो पाळल्यास पुढच्या वर्षी हाच मुकादम तुम्हाला ‘लई हुशार झालात’ म्हणून टाळेल, याची तयारी ठेवावी.

३. अंतर

तालुक्यातच आनंदगाव सारणीला कारखाना असताना एवढ्या लांब का जायचे, असे पुण्यातले पाहुणे विचारतात. त्यांना सांगावे की उचल जिथून येते तिथेच फड असतो. कारखाना आपण नकाशावरून निवडत नाही. शिवाय लांबच्या नोकरीचा एक फायदा आहे. अर्ध्यातून पळून यावेसे वाटले तरी मधे अख्खा सोलापूर जिल्हा आडवा येतो.

४. निवास व्यवस्था

विमान कंपनीच्या करारात हॉटेलला तारे किती ते लिहिलेले असते. फडातल्या कोपीतून तारे थेट दिसतात. बांबूच्या कामट्या, वर चटई नाहीतर प्लास्टिकचा कागद, आत चूल, एक पेटी, आणि कोपऱ्यात गोधडीत गुंडाळलेले लेकरू. पाणी कुठून आणायचे आणि बायांनी आडोशाला कुठे जायचे, हे दोन प्रश्न मुकादमाला आधीच विचारावेत. पहिल्याचे उत्तर तो देईल. दुसऱ्यावर तो हसला, तर दुसरा मुकादम पाहावा. दुसराही हसेल, पण निदान विचारून ठेवले असे समाधान राहते.

जोडीला मिळणारा लाभ म्हणजे वाढे. उसाचे शेंडे गावातल्या म्हशीवाल्यांना विकून रोजचे तेल-मीठ सुटते. काही भागांत वाढ्यांवर शेतमालक हक्क सांगतो. म्हणून वाढे कुणाचे, हे कोपी घालण्याआधी ठरवून घ्यावे.

५. ड्युटीचे तास

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केली. थकलेल्या माणसाच्या हाती विमान देऊ नये, हा त्यामागचा विचार. नव्या नियमांशी मेळ जुळवता न आल्याने डिसेंबर २०२५ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि सगळा देश विमानतळावर पथारी पसरून बसला. थकलेल्या माणसाच्या हाती कोयता द्यावा की नाही, याबद्दल असा नियम नाही. पहाटे अंधारात फडात जायचे, दुपारी मोळ्या बांधायच्या, आणि गाडी रात्री बाराला आली तर रात्री बाराला भरायची. फडातही ४८ तासांचा नियम आलाच तर किती साखर रद्द होईल, याचा अंदाज साखर संकुलाने आताच काढून ठेवावा.

सुट्टी घेतल्यास खाडा पडतो. खाडा म्हणजे त्या दिवशीची मजुरी जाते आणि वर दंडही बसतो. वैमानिकाला आजारी रजेचा पगार मिळतो. इथे आजारी पडायचे पैसे आपण भरायचे.

६. वैद्यकीय तपासणी

वैमानिकाची वैद्यकीय तपासणी ठरलेल्या मुदतीने होते आणि काही आढळले तर त्याला जमिनीवर ठेवतात. कोयत्याच्या क्षेत्रात उलट पद्धत विकसित झाली. पाळीच्या चार दिवसांत खाडा नको, अंगावरचे दुखणे परवडत नाही, आणि दवाखान्यात ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ असे सांगणारे भेटतात. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. सहा जणींत एक. या मुद्द्यावर मार्गदर्शिकेला काही विनोद सुचलेला नाही.

७. सुट्ट्या आणि घरची ये-जा

दिवाळी आधी आली तर घरी, नाहीतर फडात. धुळवडीला तालुक्यातल्या विडा गावचा जावई गाढवावर बसतो, तो सोहळा हंगाम लवकर आटोपला तरच दिसतो. मुलांना सोबत नेल्यास साखरशाळेचा शोध घ्यावा. मागे ठेवल्यास हंगामी वसतिगृह आहे, आणि आजी असेल तर तिच्याइतके भरवशाचे वसतिगृह दुसरे नाही.

मधल्या काळात घरी येण्याचा फुकट प्रवास एकाच प्रसंगी मिळतो. २०२४ साली गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू होणार होता आणि विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. अशा वेळी उमेदवाराला आपली आठवण येते. गाडी दारापर्यंत येते, जेवण मिळते, ‘काका, काकू’ अशी हाक ऐकू येते. परतीची गाडी आधीच ठरवून घ्यावी, कारण मतदान संपल्यावर फोन लागत नाहीत.

८. राजीनामा

कॅप्टनला राजीनाम्यानंतर वर्षभराची नोटीस पाळावी लागते, म्हणून वैमानिकांच्या संघटना कोर्टकचेऱ्या करतात. कोयत्याला नोटीस नाही, बाकी आहे. ती फिटेपर्यंत तुम्ही पुढच्या हंगामात हजर असता. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, त्यामुळे या पद्धतीला वेठबिगारी म्हणता येत नाही. पाचशेच्या स्टॅम्पवर तुम्ही राजीखुशीने अंगठा दिलेला असतो.

शंकासमाधान

ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे म्हणे?

आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे, २०२२ पासून कार्यालय पुण्यात. टनामागे दहा रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारने द्यायचे ठरले. ओळखपत्रासाठी ग्रामसेवकाला भेटावे. तुम्ही गावात असता तेव्हा तो नसतो आणि तो असतो तेव्हा तुम्ही फडात, तेवढे जुळवून घ्यावे.

हार्वेस्टर आल्यावर आमचे काय?

विमानात ऑटोपायलट आला तरी वैमानिकाची नोकरी राहिली. यंत्र घ्यायला सरकार अनुदान देते. तुमच्यासाठी तशी योजना निघाल्यास कळवू.

यंदा न जाण्याचा पर्याय आहे का?

आहे. साध्या कागदावर अर्ज करावा. सोबत मागील हंगामाची बाकी शून्य असल्याचा मुकादमाच्या सहीचा दाखला जोडावा.